शिक्षा धुण्याची, बढती स्वयंपाकघरात

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर बायकांना एक शिक्षा सुनावली जायची : धुणं. दंडाधिकाऱ्यांच्या निकालांत ती सरळ लिहिलेली सापडते. इतके दिवस कोठडीत पाव आणि पाणी, त्यानंतर इतके महिने धुण्याच्या टबावर. अपराध काय? मालकिणीला उलट बोलली. न विचारता रात्रभर बाहेर राहिली. दारू पिऊन आली. सांगितलेल्या कामाला नाही म्हणाली. पुरुष कैद्याला अशा अपराधाबद्दल चाबकाचे फटके बसत, किंवा पायात बेड्या घालून त्याला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला पाठवत. बायकांना फटके मारणं ब्रिटननं १८२० साली कायद्यानं पूर्ण बंद केलं होतं. मग त्यांच्यासाठी सक्तमजुरी कुठून आणायची? फार लांब जावं लागलं नाही. घरात त्या जे काम जन्मभर करत आल्या होत्या तेच उचललं आणि त्याला शिक्षेचं नाव दिलं.

बायकांच्या तुरुंगाचा इतिहास म्हणूनच चुलीपाशी आणि धुण्याच्या हौदापाशी नीट कळतो. कोणतं काम कोणाला मिळालं, कोणाला नाकारलं, कोणतं काम बक्षीस मानलं आणि कोणतं दंड, यात त्या तुरुंगाचं सगळं राज्यशास्त्र सामावलेलं होतं. होबार्ट गावाबाहेरची कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी हे त्याचं सर्वांत नेटकं उदाहरण. तिथली नियमावली, रोजची कामं आणि जेवणाची मापं आजही वाचायला मिळतात.

कारखाना नावाचा तुरुंग

ब्रिटननं १७८८ पासून आपले गुन्हेगार जहाजांत भरून ऑस्ट्रेलियाला पाठवायला सुरुवात केली. पुढच्या ऐंशी वर्षांत दीड लाखाहून अधिक माणसं अशी गेली. त्यांत बायका सुमारे २५ हजार, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या व्हॅन डीमेन्स लँडवर उतरल्या. टास्मानियाचं हे जुनं नाव. ते १८५६ मध्ये बदललं. आपल्याकडे अंदमानचं काळं पाणी सगळ्यांना माहीत असतं. अंदमानची कैदी वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली. कैद्यांना समुद्रापार नेऊन त्यांच्याच श्रमावर वसाहत उभारायचा प्रयोग ब्रिटिशांनी त्याआधी सत्तर वर्षं ऑस्ट्रेलियात चालवला होता.

या बायका बहुतेक चोरीच्या गुन्ह्यात सापडलेल्या. कापडाचा तुकडा, शाल, चादर, मालकाच्या घरातले चमचे असा ऐवज. सात वर्षं हद्दपारी ही नेहमीची शिक्षा. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी आधी मोलकरणी होत्या. डेबोरा ऑक्सली या अभ्यासिकेनं न्यू साउथ वेल्समध्ये आलेल्या हजारो स्त्री-कैद्यांच्या जहाजावरच्या याद्या तपासल्या आणि १९९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. या बायका म्हणजे अट्टल गुन्हेगारांची आणि वेश्यांची टोळी होती, हा जुना समज त्या याद्यांपुढे टिकला नाही. दिसल्या त्या कामात तरबेज, बऱ्यापैकी अक्षरओळख असलेल्या कष्टकरी बायका.

वसाहतीला नेमकं हेच हवं होतं. गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या घरांत स्वयंपाकीण, धोबीण, दाई, मोलकरीण मिळेना. म्हणून जहाजातून उतरलेली बाई थेट एखाद्या कुटुंबाला ‘नेमून’ दिली जाई. अन्न, कपडे, निवारा मालकानं द्यायचा, पगार नाही. जिला अजून घर मिळालेलं नाही, जिला मालकानं परत पाठवलं आहे, जी आजारी किंवा गरोदर आहे, जिच्यावर काही ठपका आहे, त्या सगळ्या फॅक्टरीत. एकच इमारत तुरुंग, नोकरनोंदणी कचेरी, बाळंतपणाची जागा, इस्पितळ आणि कारखाना अशी पाचही कामं करायची.

कॅस्केड्सची जागा मुळात एका दारूभट्टीची. सरकारनं ती विकत घेतली आणि १८२८च्या अखेरीस तिथे कैदी बायका आणल्या. माउंट वेलिंग्टनच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, खोलगट आणि दमट जागा. हिवाळ्यात तर ऊन थोडा वेळच पडायचं. माणसांना राहायला वाईट, पण ओढ्याचं वाहतं पाणी होतं. धुण्याला तेच लागतं.

कारभार जोडप्याकडे असायचा : नवरा अधीक्षक, बायको मेट्रन. १८३२ पासून जवळपास वीस वर्षं जॉन हचिन्सन हे मेथॉडिस्ट पाद्री आणि त्यांची पत्नी मेरी यांनी ही जागा सांभाळली. मेरीला हे जग नवं नव्हतं. न्यू साउथ वेल्समधल्या पॅरामॅटाची फॅक्टरी तिच्या वडिलांनी, फ्रान्सिस ओक्स यांनी, काही वर्षं चालवली होती. मालक, मालकीण आणि शेकडो नोकरण्या, असा एका अवाढव्य घराचाच हा आराखडा होता.

तीन वर्ग आणि पिवळं अक्षर

लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थर यांना वर्गीकरणाची भारी आवड. त्यांच्या कारकिर्दीत १८२९च्या आरंभी कॅस्केड्सची नियमावली आली. तिनं बायकांचे तीन वर्ग पाडले आणि तिन्ही वर्गांना एकमेकींशी बोलायची मनाई केली.

पहिल्या वर्गात जहाजावर नीट वागलेल्या, चांगल्या शेऱ्यानं नोकरीवरून परतलेल्या, किंवा खालच्या वर्गात किमान तीन महिने सुधारून दाखवलेल्या बायका. नोकरीवर पाठवायच्या त्या फक्त यांच्यातून. दुसऱ्या वर्गात किरकोळ अपराधवाल्या. तिसरा तो ‘क्राइम क्लास’. पुन्हा गुन्हा केलेल्या, प्रवासात दंगा केलेल्या, फॅक्टरीतच नियम मोडलेल्या बायका त्यात जात.

गणवेश एकच : जाडाभरडा झगा, परकर, जाकीट, एप्रन, गवती टोपी. फरक होता खुणेत. पहिल्या वर्गाच्या कपड्यांवर काही नाही. दुसऱ्या वर्गाच्या डाव्या बाहीवर पिवळ्या रंगातलं मोठं ‘सी’ अक्षर. तिसऱ्या वर्गाला तेच अक्षर पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागच्या बाजूला, अशा तीन ठिकाणी. बाई पाठमोरी उभी असली तरी पहारेकऱ्याला तिची पायरी कळावी.

आता कामं पाहा. पहिल्या वर्गानं स्वयंपाक करायचा, इतरांच्या कामावर देखरेख करायची, इस्पितळात आजाऱ्यांची सेवा करायची. दुसऱ्या वर्गानं संस्थेचे कपडे शिवायचे आणि धुतलेल्या कपड्यांना खळ-इस्त्री करायची. तिसऱ्या वर्गानं धुवायचं, लोकर पिंजायची, सूत कातायचं. एका शर्टाच्या वाटेवरही ही उतरंड दिसते. मळका शर्ट घासायला तिसरा वर्ग, त्यावर इस्त्री फिरवायला दुसरा. पाण्यातून कोरड्याकडे, थंडीतून उबेकडे, हौदापासून चुलीकडे सरकत जाणं म्हणजे सुधारणं.

स्वयंपाकघर सर्वांत वर का, हे समजायला फार डोकं लावावं लागत नाही. होबार्टच्या हिवाळ्यात अखंड पेटती आग तिथेच. तिथल्या बाईच्या हाती चाकू, मीठ, इंधन आणि सगळ्यांचं पोट. विश्वासातल्या बाईशिवाय अशी जागा कोण कोणाला देईल?

शंभर क्वार्ट सूप

दिवस घंटेवर चालायचा. सकाळी प्रार्थना, न्याहारी, काम, दुपारी बाराला जेवण आणि तासभर सुट्टी, पुन्हा मावळतीपर्यंत काम, मग रात्रीचं जेवण, परत प्रार्थना आणि झोपायला कोंडणं. जेवायला बारा-बारा जणींचा एक गट.

ताटात काय? सकाळी मोजून पाव आणि एक पाइंट ओटच्या पिठाची पातळ पेज. दुपारी पाव आणि एक पाइंट सूप. रात्री पुन्हा पाव आणि एक पाइंट सूप. दुसऱ्या दिवशी तेच. सूप कसं करायचं हेही नियमावलीतच होतं : दर १०० क्वार्ट सुपात २५ पौंड मांस, आणि दाटपणा येण्यासाठी भाज्या व वाटाणे किंवा सातू, जे सोयीनं मिळेल ते.

हे गणित आजच्या मापांत मांडलं की चित्र स्पष्ट होतं. शंभर क्वार्ट म्हणजे सुमारे ११४ लिटर. २५ पौंड म्हणजे सव्वाअकरा किलोंच्या आसपास. एका पाइंटाच्या, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोड्या अधिक वाढपात कच्च्या मांसाचा वाटा जेमतेम ५७ ग्रॅम. दोन्ही वेळचं धरलं तर दिवसाला सव्वाशे ग्रॅमही नाही. उपासमार म्हणता येणार नाही असा आहार. विलायतेतल्या गरिबाच्या ताटापेक्षा फार वाईटही नसावा. पण चहा नाही, साखर नाही, लोणी नाही. इंग्लंड-आयर्लंडमधून आलेल्या कष्टकरी बाईला चहा-साखरेशिवाय दिवस म्हणजे शिक्षाच. चवीला जागाच न ठेवणं हा या आहाराचा हेतूच होता. एकोणिसाव्या शतकातले तुरुंगसुधारक असं मानत की कैद्याचं जेवण जिवंत ठेवणारं असावं, मोह पाडणारं असू नये. बाहेरच्या प्रामाणिक गरिबाला तुरुंगाचा हेवा वाटता कामा नये.

कागदावरचं माप आणि वाडग्यात पडलेलं माप मात्र एक नसतं. पंगतीत आमटी वाढणाऱ्याला ठाऊक असतं की पळी वरवर फिरवली की नुसतं पाणी येतं आणि तळाशी नेली की फोडी. शंभर क्वार्टांच्या कढईतही तेच घडणार. मांस आणि वाटाणे तळाला, पाणी वर. पळी धरणारी बाई कोणावर खूश आणि कोणावर नाराज, यावर ५७ ग्रॅमचे ३० होऊ शकत किंवा ९०. नियमावलीत या पळीसाठी कलम नव्हतं.

हौदावरचे दिवस

धुणं ही सोपी शिक्षा वाटत असेल तर त्या काळातलं धुणं डोळ्यांपुढे आणावं लागेल. आधी कपड्यांची वर्गवारी, मग भिजवण. पांढरे कपडे तांब्याच्या मोठ्या हंड्यात साबण-सोडा घालून उकळायचे. उकळते, जड कपडे लाकडी दांड्यानं उचलून हौदात टाकायचे, हातानं घासायचे, गार पाण्यात दोनदा-तीनदा खळबळायचे, शेवटच्या पाण्यात नीळ द्यायची, दोघींनी दोन टोकं धरून पिळायचे, वाळत घालायचे. ओली लोकरीची घोंगडी उचलायला दोघी लागायच्या. सोड्यानं हातांची सालं निघत, बोटांना चिरा पडत. दिवसभर पाय ओल्यात. डोंगरावरून येणारं ओढ्याचं पाणी बर्फासारखं गार आणि अंगावरचा गणवेश वाळायला वेळ नाही.

धुणं फक्त फॅक्टरीचं नव्हतं. अनाथाश्रमातल्या मुलांचे कपडे, पुरुष कैद्यांच्या तुरुंगातले कपडे यांचे ढीग इथे यायचे. गावातल्या खासगी घरांचं धुणं आणि शिवणही पैसे घेऊन स्वीकारलं जाई. ते पैसे सरकारी तिजोरीत. काम इतकं वाढलं की १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारी दुसरं अंगण बांधून धुण्यासाठी वेगळी जागा करावी लागली. होबार्टसारख्या गावाला स्वच्छ कपड्यांत ठेवण्याचा मोठा भार शिक्षा भोगणाऱ्या बायकांच्या हातांवर होता, आणि क्राइम क्लास रिकामा राहू नये यात अनेकांची सोय होती.

लोकर, सुई आणि जुने दोर

धुण्याखालोखाल लोकर. मेंढ्या ही वसाहतीची संपत्ती. कातरलेली लोकर निवडायची, पिंजायची, चरख्यावर कातायची. प्रत्येकीला दिवसाचं ठरलेलं वजन. पॅरामॅटाच्या फॅक्टरीत तर मागही होते आणि तिथे विणलेल्या जाड्याभरड्या लोकरी कापडाचे कैद्यांचे कपडे होत. कैदी बायकांनी कातलेलं कैदी पुरुषांनी घालायचं आणि मळलं की पुन्हा कैदी बायकांनीच धुवायचं, असं हे चक्र.

सर्वांत नीरस काम म्हणजे जुने दोर उकलणं. जहाजांवरचे डांबर लागलेले, दगडासारखे कडक झालेले दोर नखांनी सोडवून त्यांचे तंतू वेगळे करायचे. ते तंतू जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला वापरत. ब्रिटनमधल्या तुरुंगांत आणि गरिबांच्या वर्कहाउसांत हे काम सर्रास होतं. एकट्या बाईला कोठडीत बसून करता येत असल्यानं एकांतवासाच्या शिक्षेशी त्याची जोडी जमली. कॅस्केड्समध्ये १८४०च्या दशकात एकेकटीला कोंडण्यासाठी दुमजली कोठड्यांच्या रांगा बांधल्या, तेव्हा अशी बैठी कामं आणखी वाढली.

सुई मात्र वेगळी. तिला प्रतिष्ठा होती, आणि त्यामागे एक नाव होतं : एलिझाबेथ फ्राय. क्वेकर पंथाची ही लंडनची बाई १८१३ मध्ये न्यूगेट तुरुंगाच्या स्त्री-विभागात प्रथम गेली. गर्दी, घाण, उघडी लहान मुलं आणि करायला काहीच नाही, असं तिथलं दृश्य. १८१७ मध्ये तिनं मैत्रिणींना घेऊन मंडळ काढलं, मुलांसाठी शाळा सुरू केली, मेट्रन नेमली आणि बायकांच्या हाती विणकामाच्या सुया व शिवण दिलं. रिकामा हात बिघडतो आणि गुंतलेला हात सुधारतो, अशी तिची श्रद्धा होती. ही श्रद्धाही जुनीच. ॲमस्टरडॅममध्ये १५९७ मध्येच ‘स्पिनहाउस’ म्हणजे सूतकताईघर उघडलं होतं. वाया गेलेल्या मानल्या जाणाऱ्या बायकांना चरख्याला बसवून वळणावर आणायचं, हा त्यामागचा विचार.

फ्रायच्या मंडळाकडून हद्दपार होणाऱ्या प्रत्येक बाईला एक पिशवी मिळे. तीत सुया, दोरा, टाचण्या, कात्री आणि कापडाचे तुकडे असत. त्यातून जहाजावरच्या महिन्यांत गोधडी शिवायची. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजातून १८० बायका होबार्टला आल्या. त्यांनी वाटेत शिवलेली २,८१५ तुकड्यांची गोधडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. कैदी बायकांच्या हातची इतकी मोठी वस्तू टिकून राहणं दुर्मीळ. त्याच बायकांनी पुढे धुतलेल्या हजारो कपड्यांचं मात्र काहीच शिल्लक नाही. पुरुष कैद्यांनी बांधलेले पूल आणि रस्ते टास्मानियात आजही दाखवतात. बायकांचं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा मळायचं, पुन्हा संपायचं.

भिंतीआडचा बाजार

नियमानं चहा, साखर, तंबाखू, दारू यांना बंदी. म्हणजे या चार वस्तूंचा बाजार भरणारच. मालक-मालकिणींकडून परतणाऱ्या बायका, लाच खाणारे पहारेकरी, भिंतीवरून आत येणारी पुडकी, असे मार्ग होते. १८४१ ते १८४३ मध्ये स्त्री-कैद्यांच्या शिस्तीची सरकारी चौकशी झाली तेव्हा या व्यापाराबद्दल साक्षी नोंदल्या गेल्या. पैसा असेल तर फॅक्टरीत बहुतेक काहीही मिळतं, असं त्यांतून दिसलं.

या बाजाराच्या म्होरक्यांची एक टोळीच ‘फ्लॅश मॉब’ म्हणून ओळखली जाई. होबार्टच्या ‘कलोनियल टाइम्स’नं १८४० मध्ये तिच्यावर लिहिलं. गणवेशावर रेशमी रुमाल बांधणाऱ्या, कानांत डूल आणि बोटांत अंगठ्या घालणाऱ्या या बायका. एलन स्कॉट हे त्यांतलं गाजलेलं नाव; तिच्या शिक्षांची यादी लांबलचक आहे. सरकारच्या तीन वर्गांच्या उतरंडीला समांतर अशी बायकांची स्वतःची उतरंड होती. तिच्यात वरचं स्थान मिळवायला चांगला शेरा लागत नसे. चहा-साखर पुरवण्याची ताकद लागे.

टास्मानियातल्याच रॉस गावच्या फॅक्टरीच्या जागेवर १९९०च्या दशकात एलेनॉर कॅसेला या पुरातत्त्वज्ञ बाईंनी उत्खनन केलं, तेव्हा या बाजाराचा मातीतला पुरावा हाती आला. एकांतवासाच्या कोठड्यांत पाव-पाण्याखेरीज काही पोचायला नको होतं. तिथल्या जमिनीत चिलमींचे तुकडे आणि दारूच्या बाटल्यांच्या काचा मिळाल्या. बटणंही बरीच सापडली. पैशाऐवजी देवघेवीत त्यांचा वापर होत असावा, असा कॅसेला यांचा तर्क आहे. कडक शिक्षा भोगणाऱ्या बायकांपर्यंत माल पोचत होता. म्हणजे पोचवणाऱ्या मैत्रिणी होत्या आणि डोळेझाक करणारे पहारेकरीही.

पावासाठी उठाव

अन्नात कपात हे तुरुंगाच्या हातातलं सोपं हत्यार. तेच एकदा उलटलं. सिडनीजवळच्या पॅरामॅटाची फॅक्टरी १८२१ मध्ये नव्या इमारतीत आली. आराखडा फ्रान्सिस ग्रीनवे या वास्तुविशारदाचा, जो स्वतः कैदी म्हणून आला होता. २७ ऑक्टोबर १८२७ रोजी, पाव आणि साखर यांच्या शिध्यात काटछाट झाल्यावर, तिथल्या बायकांनी दारं फोडली. मोठा जमाव गावात शिरला आणि थेट खाण्याच्या दुकानांवर गेला. पाव उचलला, मांस उचललं. सैनिक बोलवावे लागले. बायका परत फॅक्टरीत आल्या त्या एप्रनच्या ओच्यात पाव आणि मांस घेऊन. ऑस्ट्रेलियातले काही इतिहासकार याला तिथल्या पहिल्या कामगार-उठावांपैकी एक मानतात. त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. शिधा हाच ज्यांचा एकमेव मोबदला, त्यांच्या दृष्टीनं ती पगारकपात होती.

टास्मानियातल्या लॉन्सेस्टनच्या फॅक्टरीत १८४२ मध्ये बायकांनी एकांतवासातल्या सोबतिणीला सोडवून आणलं आणि जेवणघराचं दार आतून बंद करून घेतलं. पोलिसांना ते फोडून आत शिरावं लागलं. मोर्चा बांधायला त्यांनी जेवणघर निवडावं, हे साहजिक होतं. सगळ्याजणी एकत्र जमतील अशी तीच जागा होती.

दूध तोडण्याची घाई

या व्यवस्थेचा सर्वांत निर्दय हिशेब आईच्या वाट्याला आला. नोकरीवर असताना बाई गरोदर राहिली, बरेचदा मालकाच्या घरातच, की तिला फॅक्टरीत परत धाडायचे. बाळंतपण तिथेच. काही महिने बाळ अंगावर पाजायचं, मग दूध तोडायचं आणि आईनं लग्नाबाहेर मूल झाल्याबद्दल सहा महिने क्राइम क्लासमध्ये जायचं. बाळ मागे पाळणाघरात, दुसऱ्या बायकांच्या हाती. तगलं तर काही वर्षांनी अनाथाश्रमात.

तगणं कठीण होतं. ओल, कोंदट गर्दी, ऊन नाही, मोकळी हवा नाही. आईचं दूध लवकर तुटलं की पावाची लापशी, आणि मग जुलाब. बालमृत्यू इतके वाढले की १८३८ मध्ये त्यांच्या चौकशा आणि वृत्तपत्रांतली टीका यांनंतर पाळणाघर कॅस्केड्समधून हलवून गावातल्या लिव्हरपूल स्ट्रीटवरच्या घरात न्यावं लागलं. पुढे ते आणखी फिरलं आणि अखेर १८५०च्या सुमारास कॅस्केड्सलाच नव्या अंगणात परतलं. जागा बदलत राहिल्या. आईला बाळापासून तोडून कामाला जुंपायचं धोरण फारसं बदललं नाही. एकाच छताखाली एक बाई अनाथाश्रमातल्या मुलांची लंगोटं धूत होती आणि तिचं स्वतःचं मूल त्याच वाटेवर होतं.

सुधारणा कोणासाठी?

बायका सुधाराव्यात अशी भाषा प्रत्येक अहवालात आहे. सुधारणेची परीक्षा मात्र एकच : बाई नोकरीवर ठेवण्यालायक झाली का? १८४० च्या दशकात व्यवस्था बदलली. १८४४ पासून डर्वेंट नदीत ‘ॲन्सन’ नावाचं जुनं जहाज नांगरून नव्या आलेल्या बायकांना तिथे सहा महिने ठेवू लागले. शिवण, घरकाम, शिस्त यांचं शिक्षण घेऊन त्या बाहेर पडायच्या आणि मग ठराविक पगारावर घरोघरी कामाला लागायच्या. पगार सुरू झाला, कोठड्या नव्या झाल्या. स्वप्न तेच राहिलं. खाली मान घालून स्वयंपाक करणारी मोलकरीण म्हणजे सुधारलेली बाई. लग्न हा दुसरा मार्ग. पॅरामॅटाच्या फॅक्टरीत तर परवानगी घेऊन बायको निवडायला पुरुष येत. अंदमानातही पुढे ब्रिटिशांनी स्त्री-कैद्यांना बराकीतून सुटायला हाच मार्ग ठेवला : स्वतःच्या पोटापुरतं कमावणाऱ्या कैद्याशी लग्न. एका चुलीपासून सुटका दुसऱ्या चुलीपाशी.

व्हॅन डीमेन्स लँडला कैदी पाठवणं १८५३ मध्ये थांबलं आणि काही वर्षांत कॅस्केड्सचं रूपांतर साध्या तुरुंगात झालं. आज त्या अंगणांच्या भिंती उरल्या आहेत. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अकरा कैदी-स्थळांपैकी एक म्हणून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्याआधी, २००७ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांची दप्तरं युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत आली. आपल्या पणजीची पणजी कोण होती हे शोधणारी माणसं आता ही दप्तरं चाळतात. पूर्वी ज्या पूर्वजांविषयी घरात बोलत नसत, त्यांची नावं आता अभिमानानं सांगितली जातात.

ही दप्तरं वाचायची एक रीत आहे. उद्धटपणा, कामचुकारपणा, नेमलेल्या घरातून पळ, हुकूम न पाळणं असे शेरे त्यांत ओळीनं येतात, आणि सरकारनं ते स्वभावदोष म्हणून लिहिले. पण बिनपगारी स्वयंपाक, न संपणारं धुणं, मोजून मिळणारा पाव आणि मालक बदलून मागायची सोय नाही, हे समोर ठेवून तीच पानं वाचली की ते शेरे कामाच्या अटींवरच्या तक्रारी वाटू लागतात. काही जणी तर वाईट घरापेक्षा फॅक्टरी पत्करत. ठरवून उद्धटपणा करत आणि परत येत. घरकाम हे काम आहे, त्याला अटी असतात, त्याला मोल असतं आणि ते नाकारताही येतं, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात लिहिलं नाही. दंडाधिकाऱ्याच्या कारकुनानं, शिक्षा नोंदवता नोंदवता, त्यांच्या वतीनं ते लिहून ठेवलं.